पासवर्ड कोणालाच सांगितला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीची बातमी आपल्या अंकात आली की शेवटी एक ओळ ठरलेली असते: ओटीपी कोणाला सांगू नका. बँकेच्या दारावर तोच फलक आणि फोन लावला तरी तीच टेप. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांची जीएसटी विवरणपत्रे भरून देतो. माझ्या एका सूतव्यापारी अशिलाच्या चालू खात्यातून गेल्या वर्षी दोन लाख ऐंशी हजार गेले. बँकेत गेलो तर साहेबांचा पहिला प्रश्न, ‘‘पासवर्ड कोणाला दिला होतात?’’ कोणालाच नाही. ना कोणाचा फोन आला होता, ना कुठली लिंक दाबली होती. हां, ‘थकीत बिल’ म्हणून ईमेलवर आलेली एक झिप फाइल पंधरा दिवसांपूर्वी उघडली होती. त्यातून काहीच उघडले नाही, म्हणून हा गृहस्थ विसरूनही गेला. दुरुस्तीवाल्याने संगणक तपासला तेव्हा त्यात ट्रोजन, म्हणजे साध्या फाइलच्या वेषात शिरून लपून बसणारा घातक प्रोग्राम, निघाला.

पैसे गेले त्या दिवशी त्याला दिसले ते असे. नेहमीप्रमाणे लॉगिन केले, चक्र फिरत राहिले, मग एक चौकट आली: ‘सुरक्षा पडताळणीसाठी ओटीपी टाका.’ टाकला. ‘ओटीपी चुकला, पुन्हा टाका.’ पुन्हा टाकला. वर पत्ता बँकेचाच होता आणि कुलपाचे चिन्हही जागेवर होते.

ते असणारच, कारण पान बँकेकडूनच आलेले असते. कुलूप बँक ते ब्राउझर एवढ्या वाटेची हमी देते. चोर मात्र ब्राउझरमध्येच बसलेला असतो. आपण टाकलेला पासवर्ड सांकेतिक रूपात बाहेर पडण्याआधीच तो उचलतो आणि बँकेच्या खऱ्या पानात आपली चौकट घुसडतो. २००७ पासून माहीत असलेला झ्यूस नावाचा ट्रोजन हेच करत असे. बँकांनी पडद्यावरचा कीबोर्ड आणला, तर तो माउसच्या प्रत्येक क्लिकसरशी पडद्याच्या त्या तुकड्याचे चित्र काढू लागला. २००९ मध्ये जर्मन बँकांच्या ग्राहकांना लुटणारा यूआरएलझोन हा दुसरा ट्रोजन तर पैसे काढून झाल्यावर शिल्लकही जुनीच दाखवायचा! खातेदार रोज खाते बघायचा आणि निर्धास्त राहायचा. २०११ मध्ये झ्यूसचा सोर्स कोडच (प्रोग्रामची मूळ संहिता) फुटला, मग काय, त्यावरून नवनवी पिल्ले निघाली.

यात ग्राहकाचा दोष किती? अमेरिकेत मेन राज्यातल्या पॅटको या बांधकाम कंपनीने हा प्रश्न न्यायालयात नेला. मे २००९ मध्ये अवघ्या आठवड्याभरात तिच्या खात्यातून ५,८८,८५१ डॉलर वळते झाले. त्यातले २,४३,४०६ परत मिळवता आले. तिच्या एका संगणकात झ्यूसचे अवशेष सापडले होते. पण खरी मेख बँकेच्या बाजूला होती. तिच्या यंत्रणेने पहिल्याच बनावट व्यवहाराला ७९० एवढे जोखीम-गुण दिले होते, एरवी पॅटकोचे व्यवहार २१४ च्या वर जात नसत. धोक्याची घंटा वाजली, पण ऐकायला कोणी नव्हते. शिवाय एका डॉलरवरच्या प्रत्येक व्यवहाराला बँक तेच ते गुप्त प्रश्न विचारायची, म्हणजे उत्तरे चोरायला रोजची संधी. जुलै २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ही सुरक्षाव्यवस्था व्यावसायिकदृष्ट्या वाजवी नसल्याचे म्हटले आणि पुढे उरलेली रक्कम बँकेने तडजोडीत भरून दिली.

आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवरच टाकला. दोष ग्राहकाचा नाही, बँकेचाही नाही आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकाला तोशीस नाही, असेही त्यात होते. आम्ही दुसऱ्याच दिवशी कळवले. उत्तर आले ते दोन ओळींचे: ‘ओटीपी वापरला गेला असल्याने व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला आहे.’ मग भार कोणी उचलला?

एक कबुली मात्र द्यायला हवी. त्या दिवशी दोन एसएमएस आले होते आणि पहिल्यात ‘नवीन लाभार्थी जोडण्यासाठी’, म्हणजे पैसे पाठवायला नवे खाते जोडण्यासाठी, असे स्पष्ट लिहिलेले होते. माझ्या अशिलाने फक्त सहा आकडे वाचले. मीही तेवढेच वाचतो, खोटे कशाला बोलू? आता आम्ही बँकेच्या कामाला एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवला आहे. त्यावर ईमेल नाही की पेन ड्राइव्ह नाही.

आपल्याला विनंती एवढीच: पुढच्या वेळी जागृतीचे पान काढाल तेव्हा फोनवरच्या भामट्याच्या चित्राशेजारी ‘ओटीपी चुकला, पुन्हा टाका’ या चौकटीचेही चित्र छापा. आणि १९३० हा हेल्पलाइनचा क्रमांक जरा मोठ्या टाइपात घ्या, आम्हाला तो शोधण्यातच अर्धा तास गेला होता.

आपला,
एक करसल्लागार, इचलकरंजी