परतणाऱ्यांचे घरसामान नागपुरात सोडवू द्या

दि. १२ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

परदेशात दोन वर्षे किंवा अधिक काळ राहून कायमचे परतणाऱ्यास सीमाशुल्क खात्याच्या २०१६ च्या बॅगेज (प्रवासी सामान) नियमांनुसार, काही वस्तू वगळता, पाच लाख रुपयांपर्यंतचे घरसामान विनाशुल्क आणता येत असे. ही सवलत उदार होती. आमची तक्रार ते सामान सीमाशुल्क खात्याकडून कुठे आणि कसे सोडवावे लागते याबद्दल आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यात मस्कतहून परतलेल्या माझ्या धाकट्या भावाचे सामान म्हणजे भांडी, गाद्या, शिलाई मशीन आणि मुलांची पुस्तके. एवढ्याने कंटेनर भरत नाही, म्हणून ते इतरांच्या सामानासोबत मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात उतरले. तेथे पासपोर्ट घेऊन स्वतः हजर राहायचे, तर गावापासून सहाशे किलोमीटरहून अधिक प्रवास. तपासणी पुढे ढकलली की मुक्काम वाढतो, आणि सामान ठेवण्याचे मोफत दिवस संपले की गोदामभाडे सुरू होते. शुल्क शून्य आणि भाडे मात्र भांड्यांच्या किमतीशी स्पर्धा करणारे, असा हा हिशेब झाला.

सामान प्रवासी भारतात आल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशातून रवाना झाले पाहिजे, असाही नियम आहे. मुदत वाढवून देण्याचा अधिकार सीमाशुल्क खात्याच्या सहायक आयुक्तांना वा उपायुक्तांना आहे खरा, परंतु त्यासाठी अर्ज कोणाकडे, कोणत्या कागदांसह करायचा, हे मराठीत सांगणारे कोणी आम्हांला भेटले नाही. जे भेटले ते दलालच.

नागपुरात सीमाशुल्क कार्यालय आहे आणि कंटेनर डेपोही आहे. कायमचे परतणाऱ्यांचे सुटे सामान मोहोरबंद अवस्थेत तेथवर आणून तपासण्याची सोय करावी, वृद्ध किंवा आजारी व्यक्तीच्या वतीने अधिकारपत्र घेऊन आलेल्या नातेवाइकास ते सोडवू द्यावे, आणि मुदतवाढीच्या अर्जाचा नमुना मराठीत उपलब्ध करावा, ही विनंती. सोने, मद्य, दूरचित्रवाणी संच यांवरील निर्बंध सैल करा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

कळावे,
दारव्हा तालुक्यातील एक नागरिक