तलावाच्या काठावर मुलाची जबाबदारी नेमकी कोणाची?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळांना सुट्टी लागली आणि आमच्या मुलुंडच्या सोसायटीत स्विमिंग पूलवरून भांडणे सुरू झाली. पाहुणे किती आणायचे, टोपी का घातली नाही, पाण्यात बॉल कोणी टाकला, काठावर वडापाव कोणी खाल्ला, यावर व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री उशिरापर्यंत चालू असतो. हे वाद मिटतील. मला लिहायचे आहे ते फलकाच्या तळाशी असलेल्या एका नियमाबद्दल, ज्यावर ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही. घरकाम करणाऱ्या आणि मुले सांभाळणाऱ्या मदतनीसांनी तलावात उतरायचे नाही, सक्त मनाई. ओळखीच्या काही सोसायट्यांमध्येही हाच नियम असल्याचे ऐकते.

मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बालरोग विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आमची जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासात गेली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि पोडियमवर, म्हणजे खालच्या मजल्यांवरच्या सामाईक गच्चीवर, हा तलाव आला. संध्याकाळी साडेपाचला तिथे येऊन बघावे. आईवडील दोघेही कामावर, गाडीची गर्दी सोसून घरी पोचायला सात-साडेसात होतात. मुलांना खाली आणतात त्या मावशी. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. काठावरच्या खुर्च्या सभासदांसाठी, म्हणून त्या कपडे बदलायच्या खोलीजवळच्या पायरीवर बसतात. तिथून उथळ भागाचा अर्धा कोपरा दिसतच नाही. चार वर्षांचे मूल दंडाला हवेचे फुगे बांधून पाण्यात, आणि त्याची जबाबदारी जिच्यावर, ती पाण्यापासून पंधरा पावले दूर. मूल गटांगळी खाऊ लागले तर या बाईने नियम पाळायचा की उडी मारायची? तिला पोहता येते का, हे तरी कोणी विचारले आहे?

बुडणारे मूल ओरडते, हातपाय आपटते, अशी समजूत आहे. लहान मूल बहुतेक वेळा आवाज न करता बुडते. श्वास घेण्याचीच मारामार असते, तिथे हाक कुठून मारणार? तोंड पाण्याच्या पातळीशी येते, पुन्हा खाली जाते, आणि लांबून बघणाऱ्याला ते खेळतेय असेच वाटते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा होऊ शकते. वॉर्डात अशी मुले आणलेली मी पाहिली आहेत. 'आत्ता तर इथेच होता' हे वाक्य मी त्यांच्या मातांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते कानातून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली, आणि त्यांत जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. त्याच वर्षापासून संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी ठरवून दिला आहे. दंडावरचे फुगे हे खेळणे आहे. ते निसटतात, त्यांतली हवा जाते. त्यांना जीवरक्षक जॅकेट समजू नये.

'आपल्याकडे लाइफगार्ड आहे ना' असे मला समितीत सांगण्यात आले. आहे, आणि तो मुलगा चांगला आहे. पण जाळीने पाने काढायचे काम त्याचेच, रजिस्टरमध्ये सह्या घ्यायचे त्याचेच, आणि टोपीशिवाय आलेल्या काकांशी वाद घालायचाही त्यानेच. खाली मान घालून पाहुण्यांची नावे लिहिणाऱ्या माणसाला पाणी दिसत नाही. तलावात मुले असताना त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम असू नये.

रविवारी सकाळी तर उलटाच प्रकार. तेव्हा आईवडील सगळे हजर असतात, आणि जो तो समजतो की दुसरा कोणीतरी बघतोय. यावर उपाय सोपा आहे. पंधरा-वीस मिनिटांची पाळी लावावी, त्या वेळेपुरते एकाच मोठ्या माणसाने नाव घेऊन 'आता मी बघतोय' असे सांगावे, फोन पिशवीत ठेवावा, आणि पाळी संपल्यावर पुढच्याला सांगूनच उठावे. पोहता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत एवढेही पुरत नाही. तिथे मोठ्या माणसाने स्वतः पाण्यात, हात लांबवला की मुलाला धरता येईल इतक्या जवळ असले पाहिजे. म्हणूनच मावशींवरची बंदी मला धोकादायक वाटते. मूल ज्यांच्यावर सोपवता, त्यांना पाण्यात उतरू द्या. ते मान्य नसेल तर त्यांच्यासोबत मूल तलावावर पाठवू नका. तिसरा मार्ग नाही.

बंदीचे कारण म्हणून स्वच्छता पुढे केली जाते. त्याबद्दल परिचारिका म्हणून स्पष्ट लिहिते. पाण्यात दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ च्या दरम्यान पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप), एवढे राखले तर बहुतेक जंतू लवकर मरतात. तलावाजवळ नाकात जाणारा, डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास येतो तेव्हा लोक म्हणतात, आज क्लोरीन जास्त झाला. प्रत्यक्षात घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा असतो. आंघोळ न करता उतरणारे सभासद आणि लघवीला बाहेर न काढलेली मुले, हे त्याचे मूळ. खोबरेल तेल चोपडलेले केस घेऊन उतरल्याने फिल्टर खराब होतो, धुळवडीच्या दिवशी रंगासकट उडी मारल्याने तर आणखीच. आणि जुलाब झालेले मूल! 'आता बरा आहे' म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला पाण्यात सोडतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त तगतो. त्याची बाधा झालेल्याने जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलावापासून दूर राहावे. पगार कोण देतो आणि कोण घेतो, याचा यात कुठेही संबंध नाही. सगळ्यांना एकच नियम लावा: साबणाने आंघोळ, टोपी, पोहण्याचा पोशाख.

पोशाखावरून बायकांना टोकणेही थांबावे. सुती कपडे भिजून जड होतात आणि त्यांचे धागे फिल्टरमध्ये जातात, तेव्हा ते नकोत, हे बरोबर आहे. पण पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख घालून एखादी आजी किंवा मावशी उतरत असेल तर त्यात गैर काय?

आता पाऊस तोंडावर आहे. गडगडाट ऐकू आला की सर्वांनी पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी उतरू नये. यावर वाद नसावा.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तोवर थांबू नये, कार्यकारी समितीने आधीच निर्णय घ्यावा आणि सभेत तो कायम करून घ्यावा. फलकावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरात असावा. रुग्णवाहिका कोणत्या गेटने येणार, पोडियमपर्यंत कोणती लिफ्ट रोखून धरायची, हे सुरक्षारक्षकांना आधीच ठाऊक असावे. सीपीआरचे, म्हणजे बंद पडलेला श्वास आणि हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रथमोपचाराचे, प्रशिक्षण सुरक्षारक्षक, लाइफगार्ड, पालक आणि मावशी या सर्वांना द्यावे. बुडालेल्या मुलाला छातीवर दाब देण्याइतकेच तोंडाने श्वास देणेही महत्त्वाचे असते, हे त्यात करून दाखवावे. मावशींसाठी हा वर्ग दुपारी दोन ते चार ठेवावा, कारण संध्याकाळी त्यांना मुलांकडे बघायचे असते, आणि त्या दोन तासांचा पगार कापू नये.

— एक निवृत्त परिचारिका, मुलुंड (पूर्व)