गॅदरिंगमधला ‘जंगली’ आता पुरे

संपादक महोदय,

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या देवलापारकडच्या शाळांत गॅदरिंगची धामधूम असते. त्यात एक ‘आदिवासी नृत्य’ हमखास. पोरांच्या अंगाला काळा रंग, कमरेला पळसाची पानं, हातात भाला आणि तोंडानं ‘झिंगालाला हुर्र हुर्र’. मी गोंड आहे. आमच्या सात पिढ्यांत असं कोणी नाचलेलं नाही. यंदा माझ्या पोरीलाच त्यात उभं केलं.

हे ध्यान आलं सिनेमातून, तेही लहान मुलांच्या. डिस्नेच्या ‘पीटर पॅन’मध्ये (1953) अमेरिकेतले मूळ रहिवासी लालभडक रंगवलेत, सरदाराला धड बोलता येत नाही आणि ते लाल का झाले यावर अख्खं गाणं आहे. ‘डंबो’तल्या (1941) कावळ्यांच्या म्होरक्याचं नाव ठेवलं होतं जिम क्रो, काळ्यांना वेगळं बसवणारे तिथले कायदे याच नावानं ओळखले जात. आवाज मात्र गोऱ्या नटाचा! 2020 मध्ये डिस्नेनं स्वतःच ओटीटीवर या सिनेमांआधी सूचना दाखवायला सुरुवात केली होती, की असं चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही आहे. ‘अलादिन’च्या (1992) गाण्यातली कान कापण्याची ओळ तर अरब-अमेरिकी लोकांनी ओरड केल्यावर वर्षभरात बदलली. म्हणजे बोललं तर फरक पडतो.

किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधलं सिवनी आमच्याच महामार्गावर, मध्य प्रदेशात शिरलं की लागतं. 1967च्या सिनेमात तिथं ओरांगउटान राजा होऊन बसलाय! तो भारतातल्या जंगलात नाही, किपलिंगच्या पुस्तकातही नाही. असो. तो सिनेमा घरात सगळे आवडीनं बघतो आणि बंदी घाला असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण पडद्यावरचं सोंग शाळेच्या स्टेजवर आणून त्याला ‘आमची संस्कृती’ म्हणू नका. समोर बसलेल्या पोरांतली कितीतरी गोंडांचीच असतात, ती काय शिकतील?

नाटुकलं बसवायचं तर नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह आहे. देवगडचा हा राजा गोंड होता, हे किती मास्तरांना ठाऊक असेल? आणि नाचच हवा असेल तर गावातल्या म्हाताऱ्या बायांना बोलवा. ढोलवालेही येतील. मानधन कोणी मागणार नाही, चहा तेवढा दोनदा पाजावा लागेल.

– एक पालक, देवलापार परिसर, ता. रामटेक, जि. नागपूर