४० टन म्हणजे नक्की कुठले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवाहतुकीची बातमी दिसली की मी आधी तीच वाचतो, धंदाच तो आहे आमचा. पण "४० टनाचा ट्रक" असं छापलेलं असलं की गाडी अडते. ४० टन म्हणजे भरलेली अख्खी गाडी का नुसता माल? ग्रॉस वजनात गाडी, डिझेल, ड्रायव्हर, माल सगळंच आलं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे टेअर, वजा केलं की उरतं ते पेलोड. समजा ग्रॉस ४० आणि रिकामी गाडी १५ टन, तर माल भरता येणार २५च टन. कुठला आकडा ते लिहिलं नाही तर वाचणारा काहीही समजतो.

ओव्हरलोडचंही तसंच. काट्यावर एकूण वजन बरोबर बसलं तरी माल सगळा मागे रेटून भरला असेल तर मागच्या एक्सलवर (म्हणजे चाकांच्या आसावर) मर्यादेपेक्षा जास्त भार येतो, तोही ओव्हरलोडच. आणि रस्ता खराब होतो तो ह्या एक्सल लोडमुळे, आणि तोसुद्धा सरळ हिशोबाने नाही, साधारण चौथ्या घाताने, म्हणजे एक्सलवर भार दुप्पट झाला तर झीज १६ पटीच्या आसपास जाते. खड्ड्यांच्या बातमीत हे कधी वाचलं नाही बुवा, ठेकेदाराला चार शिव्या घातल्या की बातमी संपली! (ठेकेदार साधू आहेत असं म्हणत नाहीये.)

हलक्या मालाचं तर आणखी वेगळं, फोमसारखा माल असला की वजन भरायच्या आधी जागाच भरते, मग भाडं आकारमानावर लावतात.

सगळ्यात जास्त गोंधळ डेमरेज आणि डिटेन्शनचा. कंटेनर फ्री टाइममध्ये, म्हणजे पैसे न लागणाऱ्या मुदतीत, बंदरातून उचलला नाही तर जे पैसे लागतात ते डेमरेज, बाहेर नेला पण रिकामा करून वेळेत परत दिला नाही तर डिटेन्शन. ट्रकवाल्यांचं डिटेन्शन अजून निराळं, गाडी भरायला नाहीतर खाली करायला गोदामाच्या दारात ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभी राहिली तर त्याचे पैसे, ज्याला ड्रायव्हर लोक हॉल्टिंग म्हणतात. बातमीत ह्या सगळ्याला सरसकट "दंड" लिहून मोकळे होतात. अहो दंड सरकार लावतं, हे करारात आधीच ठरलेले पैसे आहेत आणि ते माल पाठवणाऱ्याने द्यायचे का घेणाऱ्याने, तेही करारातच असतं. "दंड" वाचून लोकांना वाटतं वाहतूकदाराने काहीतरी लबाडी केली, आणि इथे उशीर गोदामवाल्याचा आणि गाडी आमची उभी!

तेव्हा वार्ताहरांनी निदान एवढं तरी विचारून घ्यावं, आकडा ग्रॉसचा का पेलोडचा, आणि गाडी नेमकी कुणाच्या दारात अडकली होती.

आपला,
एक वाहतूकदार वाचक