उपाशीपोटीची सूचना आणि मिथिलमॅलोनिक ॲसिडिमिया

महोदय,

शस्त्रक्रियेआधी 'रात्रीपासून काही देऊ नका' ही सरसकट सूचना मिथिलमॅलोनिक ॲसिडिमिया (प्रथिनांचे काही घटक शरीराला नीट मोडता न आल्याने रक्तात आम्ल साठवणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलासाठी घातक ठरते. उपाशी शरीर स्वतःचीच प्रथिने मोडते, मग रक्तात आम्ल आणि अमोनिया चढतो. म्हणून या आजारावरील उपचार म्हणून यकृत प्रत्यारोपणाला नेताना तोंडाने देणे थांबताच सोडियम घातलेले १० टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचे ग्लुकोजचे द्रावण) सुरू हवे. १० किलोच्या मुलाला ताशी ६० मिलि म्हणजे मिनिटाला किलोमागे १० मिग्रॅ ग्लुकोज. साखर वाढली तर डेक्स्ट्रोज कमी करू नये, इन्सुलिन जोडावे.

भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू टाळावा, तो बी-१२ निकामी करतो. नेमके तेच जीवनसत्त्व इथे कळीचे. रिंगर लॅक्टेट हे लॅक्टेट असलेले सलाईनही नको. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून तातडीने तपासावा, नाहीतर आकडा खोटाच फुगतो. (हा बर्फ ऐनवेळी सापडत नाही, आधीच मागवावा.)

सर्वात साधी चूक घडते ती आयसीयूत हलवताना: पंप सुटतो, डेक्स्ट्रोज अर्धा तास बंद राहते.

नवे यकृत बसले तरी मूत्रपिंडे आणि मेंदू मिथिलमॅलोनिक आम्ल बनवतच राहतात. त्यामुळे पुढच्या प्रत्येक भुलेआधी, अगदी दात काढतानासुद्धा, पालकांनी आजाराचे नाव सांगावे.

– दोन भूलतज्ज्ञ, पुणे