सूचना : रविवारची बैठक आणि मतदार यादीतले नाव

सर्व माजी सैनिक सभासदांना नमस्कार. लावणी आटोपली आहे, तेव्हा येत्या रविवारी सकाळी १० वाजता देवळाच्या सभामंडपात जमायचे आहे. विषय: फौजेतून आलेला तरुण आणि विधानसभा.

मागच्या खेपेस तुलसी गॅबर्ड यांचे नाव निघाले होते. त्या २००२ मध्ये, २१व्या वर्षी, अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या सभागृहावर निवडून आल्या. पुढच्या वर्षी नॅशनल गार्डमध्ये (आपले काम सांभाळून करायची तिथली राखीव फौज) भरती झाल्या आणि २००४ मध्ये पुन्हा उभे राहायचे सोडून तुकडीबरोबर इराकला गेल्या. त्यांचे राजकारण पटो न पटो, हे धाडस मला फार मोठे वाटते.

आपल्याकडे नियमित फौजेच्या नोकरीत राहून आमदार होता येत नाही. विधानसभेसाठी वय २५ पूर्ण हवे आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. नेमके इथेच आपली मुले अडकतात. डिस्चार्ज मिळाला तरी नाव सर्व्हिस मतदार (नोकरीतल्या फौजींची वेगळी नोंद) म्हणूनच पडून राहते. घरी आल्यावर गावच्या यादीत फॉर्म ६ भरून नाव घालाच, उभे राहायचे नसले तरी.

येताना डिस्चार्ज बुक, आधार आणि दोन फोटो आणा. नुकत्याच सुटून आलेल्या पोरांना तर हाताला धरून घेऊन या. फॉर्म तिथेच भरून देऊ.

— चिटणीस