आधी उशा काढ

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर छकुलीला बसवून दाखवलंस. पाठीमागे उशी, दोन्ही अंगांना उशा, पुढ्यात गुंडाळलेलं दुपटं आणि मधोमध ती, डोळे विस्फारून. 'बाबा, बघ ना, पाचव्या महिन्यात बसायला लागली!' मी टाळ्या वाजवल्या, फोन ठेवला आणि तेव्हापासून चुळबुळतोय. तिथेच बोललो असतो तर रोहनसमोर तुझा चेहरा पडला असता, आणि मी आजोबाचा पुन्हा फिजिओथेरपिस्ट झालो असतो. म्हणून लिहितोय.

अगं, ती बसली नव्हती. तिला रचून ठेवलं होतं.

बसणं म्हणजे तोल जाणं आणि गेलेला तोल परत धरणं. उशांच्या त्या किल्ल्यात तोल जाईल कुठे? शिवाय तिथून तिला हलता येत नाही. खेळणं वीतभर लांब पडलं की खेळ संपला, मग तू उचलून द्यायचं. तीच जमिनीवर उताणी असती तर खेळण्याकडे मान वळली असती, मागोमाग खांदा, मग कंबर, एक पाय ओलांडून पलीकडे आला असता. खेळणं मिळालं नसतं कदाचित, पण कुशीवर वळण्याचा अर्धा रस्ता झाला असता. बसवायची हौस असेल तर मांडीत बसव, हात काखेत न धरता कमरेशी धर, आणि वर डुगडुगली तर डुगडुगू दे. थोड्या दिवसांनी ती स्वतःचे दोन्ही हात पुढे टेकून बेडकासारखी बसेल. मग एक हात सुटेल, मग दुसरा.

'तिला शिकवू कसं?' असं विचारलंस. हा प्रश्न मला तीसेक वर्षं आईबाप विचारत आले, आणि सुरुवातीला मी त्याचं चुकीचं उत्तर देत होतो. बाळ मॅटवर घ्यायचो, कमरेला हात लावायचो, दोन मिनिटांत ते पालथं. आई बघत असायची. 'कळलं ना?' विचारलं की मान हलवायची. आठवड्याने यायची ती तक्रार घेऊन: 'तुमच्याकडे करतो, घरी नाही करत.' मी मनात म्हणायचो, घरी कोणी करून घेतच नसेल. शेवटी एकीने तोंडावर सुनावलं, 'तुमचे हात घरी नेता येत नाहीत ना!'

तेव्हापासून बाळाला हात लावणं मी जवळपास सोडलं. तिचे हात बाळावर, माझे माझ्या मांडीखाली. खरंच हातांवर बसायचो, नाहीतर ते आपोआप पुढे जायचे. 'असं वळव, तसं धर' बंद. फक्त विचारायचो, 'आत्ता बाळाचं वजन कुठल्या बाजूला आहे?' पहिल्या भेटीत बहुतेकांना सांगता यायचं नाही. दोन-तीन भेटींनंतर बापलोकही चटकन सांगायचे. बाळ पालथं असेल आणि उजवा हात उचलायचा असेल, तर आधी वजन डाव्या कोपरावर जायला हवं. ते गेलं नसेल तर खुळखुळा कितीही वाजवा, हात उठणार नाही. हे एकदा दिसायला लागलं की कुठे बोट लावायचं आणि कुठे गप्प बसायचं ते ज्याचं त्याला सुचतं.

तुला पालथं ठेवण्याची भीती वाटते, कारण ती रडते. कुरकुर आणि रडणं यांत फरक कर. कुरकुर म्हणजे मेहनत; तिला सोबत हवी, सुटका नको. तिच्यासमोर तूही पालथी झोप, तोंडासमोर तोंड आणून. रडायलाच लागली तर उचल, पण सरळ वर ओढून नको. आधी कुशीवर वळव आणि मग उचल. उचलतानाही तिला वळण्याची चव मिळते. छातीखाली टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवलीस, कोपरं खांद्यांच्या खाली आणलीस तर मान सहज उचलेल. सुरुवातीला पोट हलकं असताना दोन-तीन मिनिटं पुरेत, दिवसातून बऱ्याच वेळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये न रांगणाऱ्या बाळांसाठी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं, जागेपणी, असं सांगितलंय. जागेपणी हा शब्द महत्त्वाचा. झोपवताना मात्र उताणंच, त्यात तडजोड नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पोटावर न झोपवण्याचा सल्ला दिला आणि झोपेतले अचानक मृत्यू खूप घटले. त्यामुळे पूर्वी झोपेत आपसूक मिळणारं पालथं पडणं आता आपण जागेपणी द्यायचं, एवढंच.

एक प्रयोग मला फार आवडतो. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि दोनेक महिन्यांत ते करणं थांबतं. मेंदू पक्व झाला की ही हालचाल दबते, असं मानत. १९८४ मध्ये एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांचे पाय पाण्यात सोडले, तर पावलं परत आली! पाय गुबगुबीत झाले होते, ताकद तेवढी वाढली नव्हती; पाण्याने भार उचलला. लहान बाळांच्या पायांना थोडं वजन बांधलं तर पावलं कमी झाली. ते वाचल्यावर मी आईबापांना बाळाबद्दल विचारायच्या आधी खालच्या गोष्टी विचारायला लागलो: गादी किती मऊ? मोजे घसरतात का? कपडे जाड आहेत? मऊ गादीत कोपर रुततं, ढकलायला काही मिळत नाही. तुमची ती ढगासारखी गादी गुंडाळून ठेव आणि जमिनीवर घट्ट चादर घाल. पाय उघडे. बस, एवढ्यावरही पुष्कळ फरक पडतो.

वॉकर कोणी भेट दिलाच तर माळ्यावर जाऊ दे. त्याने चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय.

आता तुझ्या मैत्रिणीच्या बाळाबद्दल, जे म्हणे पाचव्या महिन्यात 'भराभर' सगळं करतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांवर अभ्यास केला, भारत त्यात होता. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. एवढी मोठी खिडकी! आणि शंभरात चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. हे आकडे २००६ मध्ये छापून आले तेव्हा तू शाळेत होतीस, आणि मला तुझ्यावर आठ महिने केलेला अन्याय आठवला. तू रांगली नाहीस. ढुंगणावर सरकत घरभर फिरायचीस, एक पाय वल्ह्यासारखा मारत. मी, दुसऱ्यांच्या मुलांना धीर देणारा माणूस, रोज संध्याकाळी तुला चार पायांवर उभी करायचो आणि तू रोज चिडून खाली बसायचीस. सोळाव्या महिन्यात एके दिवशी उठलीस आणि चाललीस. तुझी आई अजून मला ते ऐकवते.

पण खिडकी मोठी म्हणून निवांतही राहू नकोस. चार महिने उलटूनही मान सावरत नाही, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटतं, मुठी सतत मिटलेल्या, वर्षाच्या आतच एकच हात वापरणं, किंवा येत असलेली गोष्ट नाहीशी होणं: यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे लगेच जायचं, 'वाट बघू' नाही. अठरा महिने झाले तरी एकट्याने चालत नसेल तरीही दाखवायचं. छकुलीत यातलं काही नाही, मी काल नीट बघितलं. आणि ती तीन आठवडे आधी आली, हे मोजताना विसरू नकोस. तेवढे आठवडे तिच्या वयातून वजा कर.

रोहनला सांग, तो तिला हवेत उडवतो ते थांबव, पण मांडीवर घेऊन डावी-उजवीकडे झुलवतो ते चालू ठेव. त्यात त्याला न कळत वजनाचाच अभ्यास होतो.

रविवारी फोन कराल तेव्हा फोन जमिनीवर, पुस्तकाला टेकवून ठेव. तिला पालथी ठेव, खेळणं तिच्या हाताच्या थोडं पलीकडे, आणि तुम्ही दोघं आपापल्या हातांवर बसा. मला तिचं तोंड दिसलं नाही तरी चालेल. कोपरं दिसली पाहिजेत.

तुझा,
बाबा